एलीची जागा

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत भिंतीवर एक चित्र हमखास दिसायचं. पांढरा झगा घातलेला, कुरळ्या केसांचा एक गोरापान मुलगा गुडघे टेकून, हात जोडून वर बघतोय. मूळ चित्र जोशुआ रेनॉल्ड्स या इंग्रज चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेलं. आमच्यापर्यंत ते कॅलेंडरांवरून आणि शब्बाथशाळेत बक्षीस मिळणाऱ्या कार्डांवरून पोचलं. हा बाळ शमुवेल. देवळात झोपलेला असताना त्याला कुणीतरी नावाने हाक मारतं. तो उठून म्हाताऱ्या एली याजकाकडे पळत जातो. मी नाही हाक मारली, जा झोप, असं एली सांगतो. असं तीनदा झाल्यावर म्हाताऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचं हे तो पोराला शिकवतो आणि परत झोपायला धाडतो.

शब्बाथशाळेत गोष्ट इथेच संपायची. चांगली मुलं रात्री प्रार्थना करतात, हा धडा घेऊन आम्ही घरी यायचो. माझ्या मोठ्या मुलाचं नाव शमुवेल ठेवलं तेव्हा सासूबाईंनी हेच चित्र फ्रेम करून दिलं, ते अजून मुलांच्या खोलीत आहे. पण पवित्र शास्त्रात ही गोष्ट पुढे जाते, आणि पुढचा भाग चित्र काढण्याजोगा नाही. झोपताना मुलांबरोबर प्रार्थना कशासाठी करायची, याचं मला पटलेलं उत्तर त्या पुढच्या भागात आहे. तिथे जरा वळशाने जाते.

मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या आयसीयूत नर्स आहे. नवरा चाकणला कंपनीत. दोघांच्याही शिफ्ट. त्यामुळे माझ्या माहेरी व्हायची तशी कौटुंबिक उपासना, म्हणजे सगळे चटईवर बसलेत, 'उपासना संगीता'तलं एक गीत, मग शास्त्रवाचन, मग प्रार्थना, अशी आमच्याकडे रविवार सोडला तर होत नाही. रोज होते ती फक्त झोपतानाची. मी नाईटला असले तर ड्यूटीवर चढण्याआधी चेंजिंग रूममधून फोनवर.

धाकटी रूथ पाच वर्षांची आहे. तिची प्रार्थना म्हणजे यादी असते. पप्पाची बस वेळेवर येऊ दे. लिफ्ट बंद पडू नको दे. संगीतामावशींचा गुडघा बरा कर. पार्किंगमधल्या कुत्रीची पिल्लं, एकेक नाव घेऊन, सगळी. शाळेत जी मुलगी ढकलते तिचा हात दुखू दे, पण थोडाच. उद्या भेंडी नको. मधेच ती डोळे उघडून दादाला विचारते, "अजून कोण राहिलं?" आणि राहिलेलं कुणीतरी सापडतंच. शेवटचं 'येशूच्या नावाने मागते आमेन' इतक्या झपाट्याने येतं की ऐकणाऱ्याला तो एकच लांबलचक शब्द वाटावा.

ही यादी ऐकून पाहुणे हसतात. मला हसू येत नाही, कारण मी रोज हेच काम करते. शिफ्ट बदलताना आमच्याकडे हँडओव्हर असतो. एकेका बेडपाशी उभं राहून जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला सांगते, याचं बीपी पडतंय, यांची सलाईन संपत आली, या आजी रात्री घाबरतात. एकही बेड सोडायचा नसतो. सगळं सांगून झाल्याशिवाय घरी जाता येत नाही, आणि सांगून झाल्यावर मात्र जायचंच असतं. रूथ रोज रात्री तिच्या जगाचा हँडओव्हर देते. एकशे एकविसाव्या स्तोत्रात देवाचं वर्णन राखण करणारा आणि कधी न झोपणारा असं केलंय. रात्रपाळी कुणाकडे आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे आमेन म्हटल्यावर दोन मिनिटांत ती घोरायला लागते.

मुलांना निजवताना देवाचं नाव घेण्याची ही रीत ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे लोकांना बजावतो की देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवा आणि घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांच्याविषयी बोलत राहा. त्याच अध्यायातला 'शेमा' हा पाठ ज्यू माणूस आजही झोपण्याआधी म्हणतो. आपल्या कोकणातले बेने इस्राएल बाकीच्या ज्यू जगापासून कित्येक पिढ्या तुटलेले होते. तेल गाळायचे, मराठी बोलायचे. बाकीचं पुष्कळ विसरलं तरी शेमा तोंडी राहिला, असं त्यांची परंपरा सांगते. एकतिसाव्या स्तोत्रात आपला आत्मा देवाच्या हाती सोपवणारी एक ओळ आहे. तल्मूद हा ज्यूंचा ग्रंथ ती ओळ झोपताना म्हणायला सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात क्रुसावरचा येशू प्राण सोडताना तीच ओळ म्हणतो. आयसीयूत काम करणाऱ्या बाईला याचं नवल वाटत नाही. शेवटच्या तासांत माणसाच्या तोंडात फार जुने शब्द येतात. रिटायर्ड इंजिनिअर असो की सरपंच, लहानपणी अंथरुणात म्हटलेलं काहीतरी पुटपुटत असतो.

मार्टिन लुथरने १५२९ साली छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. घरातल्या कर्त्या माणसाने घरच्यांना सकाळ-संध्याकाळची प्रार्थना कशी शिकवावी, हे तिच्यात सांगितलंय. रात्रीची छोटीशी प्रार्थना दिल्यावर तो सूचना करतो की आता लगेच, आनंदाने झोपी जा. धर्मशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा मला ही सूचना जास्त आवडते. नगरला १८३१ साली अमेरिकन मिशनची मंडळी आली. त्यांच्या न्यू इंग्लंडात मुलं शाळेच्या पहिल्या पुस्तकातून निजतानाची चार ओळींची प्रार्थना पाठ करायची. तिच्यात, उठण्याआधीच मरण आलं तर माझा आत्मा तुझ्याकडे घे, अशी मागणी होती. आजच्या आईबापांना हे ऐकून काटा येतो. पण त्या काळी घरोघरी पाळणे रिकामे व्हायचे. मुलांना मरण माहीत होतं, तेव्हा ते प्रार्थनेत आलं. रूथला लिफ्ट माहीत आहे, म्हणून लिफ्ट येते.

एवढा जुना रिवाज बिघडतो कसा, हे मी लहानपणीच पाहिलं. माझी एक मावशी प्रार्थनेत पटाईत होती. सुट्टीत आम्ही पोरं तिच्याकडे गेलो की रात्रीची प्रार्थना तीच करायची. सुरुवात 'हे सर्वसमर्थ, कृपाळू, दयाघन पित्या' अशी. भाषा सगळी पुस्तकी. मग आवाज हळूहळू खाली यायचा. "प्रभू, या घरात एक मुलगी आहे. ती कोण हे तुला ठाऊक आहे. तिने आज दुधावरची साय खाल्ली आणि मी नाही खाल्ली म्हणाली. तिला सत्याचा आत्मा दे." आम्ही एक डोळा किलकिला करून एकमेकींकडे बघायचो. साय कुणी खाल्ली हे देवासकट सगळ्यांना माहीत असायचं. एरवी मावशीला उलट उत्तर देता यायचं. इथे तेही बंद, कारण मधे बोललं तर देवाचा अपमान.

याला मी प्रार्थना म्हणत नाही. डोळे मिटून केलेली ती कानउघाडणी. हल्ली तिचं गोड रूपही दिसतं. 'याला अभ्यासात मन लागू दे, याचा मोबाईल सुटू दे, याला मोठ्यांचा मान ठेवायची बुद्धी दे.' नाव देवाचं असतं आणि निरोप पोराला असतो. मुलाला हे लगेच कळतं. त्यातून तो एवढंच शिकतो की देव आईबापांच्या बाजूचा आहे. पंधराव्या वर्षी आईबापांशी बिनसलं की देवाशीही बिनसतं, आणि मग मंडळीत पाळकसाहेबांपुढे तक्रार जाते की तरुण पोरं चर्चला येत नाहीत.

माझे वडील, आबा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. त्यांना मावशीसारखी प्रार्थना जमत नसे. घरात बोलायचे तसंच देवाशी बोलायचे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्ण छापून निघालं. साध्या बायाबापड्यांना कळेल अशी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह होता. आबांनी रमाबाईंचं भाषांतर वाचलं नसेल, पण तो आग्रह त्यांच्या अंगात होता. एका रात्री लाईट गेलेली. कंदिलाची वात बारीक केलेली. मी गोधडीत शिरलेली आणि आबा खाटेच्या कडेला बसून प्रार्थना करत होते. म्हणाले, "प्रभू, आज मी किराणावाल्याला खोटं सांगितलं. उद्या पैसे देतो म्हणालो. उद्याही माझ्याकडे पैसे नाहीत, हे मला तेव्हाच माहीत होतं. मला लाज वाटते. काय करू ते सुचव." मग आमची सगळ्यांची नावं घेतली, आमेन म्हणाले आणि कंदील उचलून गेले.

मी चौथीत असेन. पैसे नाहीत ही गोष्ट मला नवीन नव्हती. आबा कुणाकडे तरी काही मागतात, ही नवीन होती. घरात त्यांचा शब्द शेवटचा. शाळेच्या सहलीला जायचं की नाही, सायकल घ्यायची की नाही, सगळं ते ठरवणार. आणि हा माणूस अंधारात मान खाली घालून कुणालातरी हिशेब देत होता. मला भीती वाटायला हवी होती. वाटलं मात्र हायसं. आबांच्या वरही कुणी आहे, म्हणजे सगळं आबांवर नाही.

लूकने लिहून ठेवलेला एक बारकावा मला इथे आठवतो. येशूने शिष्यांना प्रार्थनेचा तास नेमून दिला नव्हता. तो एके ठिकाणी स्वतः प्रार्थना करत होता. ती संपल्यावर एक शिष्य म्हणाला की आम्हालाही शिकवा. प्रभूची प्रार्थना त्यानंतर आली. आधी पाहणं झालं, मग विचारणं, शिकवणं सगळ्यात शेवटी. आपल्या घरांत बहुधा उलटं चालतं. मुलाला पाठ करायला लावतात, तपासतात, चुकलं तर दुरुस्त करतात, आणि मोठं माणूस स्वतः मागताना त्या मुलाला कधी दिसतच नाही.

आता शमुवेलाच्या गोष्टीचा पुढचा भाग. चौथ्यांदा हाक आली, पोराने शिकवलेलं उत्तर दिलं, आणि देवाने त्याला निरोप सांगितला. निरोप एलीविरुद्ध होता. एलीचे मुलगे देवळात लोकांना लुबाडत होते, बापाला ते माहीत होतं आणि त्याने त्यांना आवरलं नाही, म्हणून त्याच्या घराण्याचा निवाडा होणार. पोरगा सकाळपर्यंत घाबरून पडून राहिला. मग उठून देवळाची दारं उघडली, आणि निरोप सांगायचं टाळत राहिला. एलीने त्याला बोलावून घेतलं, काहीही लपवू नकोस म्हणून शपथ घातली, सगळं ऐकलं आणि मान तुकवली.

देवाला उत्तर कसं द्यायचं हे ज्या म्हाताऱ्याने शिकवलं, त्याच्याच विरुद्धचा निकाल त्या पोराच्या कानावर आला. मूल जर खरोखर देवाशी बोलायला शिकलं तर त्याच्या हातात असं एक माप येतं ज्याने ते आपल्यालाही मोजणार आहे. एली बाप म्हणून नापास झाला असेल, पण त्या सकाळी त्याने पोराचं तोंड बंद केलं नाही. मुलाच्या खाटेपाशी बसणाऱ्या आईबापांची जागा मला एलीची वाटते. शिकवायचं, आणि मग त्या शिकवण्याखाली स्वतः यायचं.

हे सगळं सोपं वाटतं, मागितलेलं मिळत असतं तोवर. गेल्या पावसाळ्यात आबांची किडनी गेली. शमू नऊ वर्षांचा. तो रोज रात्री मागायचा, आबांना बरं कर. ते गेले. मातीहून आल्यावर नातेवाइकांनी त्याची समजूत घातली की देवाला चांगली माणसं आवडतात म्हणून तो त्यांना बोलावून घेतो. मूल असल्या वाक्यांचा शब्दशः अर्थ लावतं. त्या रात्री शमूने विचारलं, "मग तू चांगली आहेस ना?" त्यानंतरचा प्रश्न आणखी अवघड होता. "देवाने ऐकलं नाही, की ऐकलं पण त्याला जमलं नाही?"

मोठमोठ्या तत्त्वज्ञांना या प्रश्नाने घाम फोडलाय. मी त्याला सांगितलं की मला माहीत नाही. जे माहीत आहे तेवढं सांगितलं. आमच्या आयसीयूबाहेर बाकड्यावर अंगाऱ्याची पुडी असते, जमजमचं पाणी असतं, उशीखाली ठेवायला आणलेलं बायबल असतं. सगळी माणसं जीव तोडून मागतात. काही पेशंट चालत घरी जातात, काही जात नाहीत. कुणी प्रार्थना कमी केली म्हणून कुणाचा माणूस गेला, असं मी एकदाही पाहिलेलं नाही. प्रार्थना कमी पडली हा विचार त्याच्या डोक्यातून काढणं मला सगळ्यात गरजेचं वाटलं, कारण तो तिथे होता. एका रात्री आपण प्रार्थना न करताच झोपलो, हे त्याने मनात धरून ठेवलं होतं.

आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन आपल्या 'कबुलीजबाबा'त लिहितो की लहानपणी तो देवाकडे कळकळून मागायचा, शाळेत मार बसू देऊ नको. मार बसायचाच, आणि घरची मोठी माणसं त्याच्या वळांना हसायची. चौथ्या शतकातलं ते हसणं त्याला बिशप झाल्यावरही विसरता आलं नाही. मुलाची मागणी देवाने नाकारली, हे मूल कदाचित पुढेमागे पचवेल. मोठ्यांनी ती हसण्यावारी नेली, हे पचत नाही. आणि नकार तर गेथशेमाने बागेत खुद्द येशूलाही मिळाला. समोरचं दुःख टळो, असं त्याने मागितलं आणि ते टळलं नाही. ज्या धर्मात देवाच्या पुत्राचीच मागणी मान्य झाली नाही, त्या धर्माच्या माणसाने मुलाला 'विश्वासाने मागितलं की मिळतंच' असं सांगणं खोटेपणाचं आहे.

शमूने नंतर कितीतरी रात्री मागणं बंद ठेवलं. मी त्याला आग्रह केला नाही. रूथची यादी झाली की मी माझं म्हणायचे, तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. एकदा रूथचं आमेन झाल्यावर भिंतीकडूनच आवाज आला, "देवा, मी तुझ्याशी बोलत नाहीये. आमेन." अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र याहून फार वेगळं नाही. ते तक्रारीने सुरू होतं आणि अंधारात संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी गाळलेलं नाही. म्हणून मीही शमूची ओळ गाळली नाही, आमेन म्हटलं.

आमच्या युनिटमधली एक तरुण डॉक्टर मला म्हणाली, "सिस्टर, मुलांना विचार करता येण्याआधीच तुम्ही देव त्यांच्या गळ्यात बांधता. हे बरोबर आहे का? मोठी झाल्यावर ठरवू द्या ना." तिचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. मुलाला घाबरवायला देव वापरत असाल तर ती शंभर टक्के बरोबर आहे. पण पाच वर्षांच्या मुलाच्या जगात सर्वशक्तिमान कुणीतरी असतंच, आणि ते बहुतेक वेळा आपणच असतो. त्या जागेवर ऐसपैस बसायचं की रोज रात्री थोडा वेळ तरी खाली उतरायचं, हे आपल्या हातात आहे. देव न मानणारे आईबापही मुलासमोर आपली चूक कबूल करतात, मी पाहिलंय. आमच्या घरात त्यासाठी रोजची वेळ ठरलेली आहे, एवढाच फरक. मोठेपणी मुलं हे सोडून देतील तर सोडतील. काय सोडतोय हे त्यांना नीट माहीत असेल.

मधे वरच्या मजल्यावरची ईश्वरी दोन रात्री आमच्याकडे झोपायला होती, तिची आई बाळंतपणाला दवाखान्यात म्हणून. तिने घरच्यासारखं शुभंकरोती म्हटलं आणि मग रूथला म्हणाली, "आता तुमचं." रूथने यादीत ईश्वरीची आई घातली, होणारं बाळ घातलं आणि आयत्या वेळी ईश्वरीची भेंडीही रद्द करून घेतली. कुणी कुणाला काही शिकवायला गेलं नाही.

ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत आणि रात्रीची प्रार्थना आहे, त्यांना माझं थोडकं सांगणं आहे. मोठे शब्द नकोत, घरात बोलता तेच पुरे. मुलाचे गुन्हे देवासमोर वाचू नका, सांगायचे तर स्वतःचे सांगा. मागितलेलं मिळेलच अशी हमी देऊ नका. मूल रुसलं तर रुसू द्या, तुमचं तुम्ही चालू ठेवा. आणि मधेच त्याला झोप लागली तर उठवू नका. उरलेली यादी तुम्ही पुरी करा आणि तुम्हीही जाऊन झोपा. सकाळी डबे करायचे असतात.